अपाची आणि टॉमकॅट यांचं जमत नसेल तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही महाप्याच्या एमआयडीसीत बसतो. रबाळे-तुर्भ्याचे कारखाने, वागळे इस्टेटमधली ऑफिसं, ठाण्यातल्या दोन-चार पतपेढ्या, अशांचे सर्व्हर सांभाळतो. बहुतेक ठिकाणी मांडणी एकच असते. पुढे ब्राउझरच्या विनंत्या घेणारा अपाची वेब सर्व्हर, मागे जावा प्रोग्राम चालवणारा टॉमकॅट, त्यावर कोणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहिलेलं जावा ॲप्लिकेशन. फोनवर येणारे प्रश्नही तेच, म्हणून ही उत्तरं एकदाची लिहून ठेवली. सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाकायची.

साइटवर ५०३ दिसतंय. टॉमकॅट रिस्टार्ट मारू का?

थांबा. आधी एवढंच सांगा, की ते पान कोणाचं आहे? पांढरं, साधं, मोठ्या ठळक अक्षरांत एक ओळ आणि खाली दोन वाक्यं असतील तर ते वेब सर्व्हरचं. निळसर पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत ‘एचटीटीपी स्टेटस’ असं लिहिलेलं असेल तर ते टॉमकॅटचं. इथे हमखास घोळ होतो, कारण टॉमकॅटच्या पानाच्या तळाशीही ‘अपाची टॉमकॅट’ असंच छापलेलं असतं. लोक फोनवर ‘अपाची’ एवढंच वाचतात आणि आम्ही अर्धा तास चुकीच्या फाइलमध्ये डोकं घालून बसतो. पूर्ण ओळ वाचा.

टॉमकॅटचं पान दिसत असेल, तर विनंती मागपर्यंत पोचली आहे, जोडणी ठीक आहे, गडबड ॲप्लिकेशनमध्ये आहे. वेब सर्व्हरचं पान असेल, तर त्याच मशीनवरून कर्लने, म्हणजे कमांडवरून पान मागवणाऱ्या साधनाने, थेट टॉमकॅटच्या ८०८० पोर्टला विचारा. तिथे उत्तर आलं तर मधला दुवा तुटलाय. तिथेही नाही आलं, तर मग टॉमकॅटकडे बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते टाळून रिस्टार्ट मारणारे शंभरात नव्वद. (हा आकडा मोजलेला नाही, वैतागाचा आहे.)

हे ५००, ५०२, ५०३, ५०४ वेगवेगळे का येतात?

वेब सर्व्हर प्रॉक्सी, म्हणजे आलेली विनंती मागे पोचवणारा मध्यस्थ, म्हणून काम करतो तेव्हा ५०३ म्हणजे ‘मागे कोणी भेटलंच नाही’. ५०२ म्हणजे ‘भेटला, पण बोलता बोलता मधेच फोन ठेवला’. ५०४ म्हणजे ‘वाट बघून कंटाळलो’. ५०० आलं आणि पान वेब सर्व्हरचं असेल, तर लॉगमध्ये एएच ०११४४ शोधा. त्याचा अर्थ मॉड्यूलच चढवलेलं नाही. उबुंटूवर प्रॉक्सी आणि प्रॉक्सी-एचटीटीपी ही दोन वेगळी मॉड्यूल चालू करावी लागतात, आणि पहिलं करून दुसरं विसरायची परंपरा आहे.

टॉमकॅट चालू आहे, तरी वेब सर्व्हर म्हणतो ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’.

तीन पोर्ट लक्षात ठेवा. ८०८० एचटीटीपीचा, ८००९ एजेपीचा (वेब सर्व्हर आणि टॉमकॅट यांच्यातली खास भाषा) आणि ८००५ टॉमकॅट बंद करायचा. मागे एकाने प्रॉक्सीपासमध्ये, म्हणजे विनंती कुठे पाठवायची ते सांगणाऱ्या ओळीत, ८००५ लिहून दोन दिवस घालवले होते. ‘एसएस’ कमांडने बघा की जो पोर्ट तुम्ही लिहिलाय त्यावर खरंच कोणी ऐकतंय का, आणि कुठल्या पत्त्यावर. १२७.०.०.१ वर ऐकणारा कनेक्टर (टॉमकॅटचा विनंत्या घेणारा भाग) दुसऱ्या मशीनवरून आलेल्याला उत्तर देणार नाही. दोन्ही सर्व्हर एकाच मशीनवर असतील तर ‘लोकलहोस्ट’ न लिहिता दोन्हीकडे १२७.०.०.१ लिहा. लोकलहोस्टचा अर्थ कधी जुन्या आयपीचा निघतो, कधी नव्या आयपी-सहाचा, आणि मग दोघं एकाच घरात राहून वेगवेगळ्या दारांवर थांबतात.

‘रिफ्यूज्ड’ नाही, ‘परमिशन डिनाइड’ लिहिलंय. फाइलच्या परवानग्या तर सगळ्या दिल्या!

लॉगमध्ये कंसात १३ हा आकडा आणि शेजारी एएच ००९५७ असेल, तर फाइलच्या परवानग्यांशी त्याचा संबंध नाही. रेड हॅट, रॉकी, अल्मा यांवर एसई-लिनक्स हा सुरक्षेचा पहारेकरी वेब सर्व्हरला बाहेर जोडणी करू देत नाही. ‘एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट’ हे बुलियन (चालू-बंद सेटिंग) कायमचं चालू करा, म्हणजे कमांडमध्ये मोठं पी विसरू नका, नाहीतर पुढच्या रीबूटला पुन्हा हाच फोन. एसई-लिनक्स सरसकट बंद करू नका. तसं सुचवणाऱ्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

टॉमकॅट अपग्रेड केल्यापासून एजेपी चालतच नाही.

हे २०२० पासूनचं दुखणं. त्या वर्षी फेब्रुवारीत ‘घोस्टकॅट’ नावाची पळवाट उघड झाली, नोंद सीव्हीई-२०२०-१९३८. एजेपीचा पोर्ट ज्याला गाठता येईल त्याला ॲप्लिकेशनच्या आतल्या फाइल वाचता येत होत्या. ७.०.१००, ८.५.५१ आणि ९.०.३१ या आवृत्त्यांपासून टॉमकॅटने तीन गोष्टी बदलल्या. एजेपी कनेक्टर सर्व्हर-एक्सएमएल या टॉमकॅटच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये मुळातच कॉमेंट केलेला, म्हणजे बंद, येतो. पत्ता दिला नाही तर तो फक्त स्वतःच्याच मशीनवर ऐकतो. आणि सीक्रेट, म्हणजे दोघांमधला परवलीचा शब्द, सक्तीचा झाला.

त्यामुळे नुसती कॉमेंट काढून भागत नाही. सीक्रेट न देता कनेक्टर उघडायला गेलात तर तो सुरूच होत नाही, आणि टॉमकॅटच्या कॅटालिना-आउट लॉगमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. दिलंत, पण वेब सर्व्हरला सांगितलं नाहीत, तर प्रत्येक विनंतीला ४०३. मॉड-जेके हे अपाचीचं एजेपी बोलणारं मॉड्यूल वापरत असाल तर वर्कर्स-प्रॉपर्टीजमध्ये त्या वर्करला, म्हणजे मागच्या टॉमकॅटच्या नोंदीला, सीक्रेट द्या. मॉड-प्रॉक्सी-एजेपी वापरत असाल तर वेब सर्व्हर २.४.४२ किंवा पुढचा हवा, त्याआधीच्याला सीक्रेट हा शब्दच कळत नाही. ‘सीक्रेट रिक्वायर्ड’ला फॉल्स करून मोकळं होणारेही भेटतात. दोन्ही सर्व्हर एकाच मशीनवर आणि पत्ता १२७.०.०.१ असेल तर एकवेळ चालेल. मध्ये नेटवर्क असेल तर नाही.

टॉमकॅट चालू करून मिनिट होत आलं, थेट ८०८० वर साइट दिसते, पण वेब सर्व्हरमधून अजून ५०३.

चहा घ्या. जोडणी एकदा फसली की मॉड-प्रॉक्सी त्या वर्करला ६० सेकंद बाजूला बसवून ठेवतो. चाचणीच्या सर्व्हरवर ही वेळ ठरवणारं रीट्राय शून्य करून टाका. खऱ्या सर्व्हरवर पाच-दहा सेकंद ठेवा.

सोमवारी सकाळी पहिले चार-पाच जण लॉगिन करताना लटकतात. नंतर दिवसभर काहीच त्रास नाही.

हा माझा आवडता प्रश्न, कारण यावर मी स्वतः तीन सोमवार खर्ची घातलेत. ठाण्यातली एक पतपेढी. वेब सर्व्हर त्यांच्या मुख्य शाखेत, टॉमकॅट ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये, मध्ये फायरवॉल. सोमवारी सव्वादहाला काउंटर उघडला की पहिल्या काही बायकांचे स्क्रीन फिरत राहायचे. व्यवस्थापक म्हणायचे, “तुमचा सर्व्हर रविवारी झोपतो.” पहिल्या सोमवारी मी पोचेपर्यंत सगळं सुरळीत. दुसऱ्या सोमवारी रिस्टार्ट मारला, लगेच चाललं, मी हुशार ठरलो. तिसऱ्या सोमवारी पुन्हा तेच.

तेव्हा काही न छेडता बघत बसलो. वेब सर्व्हरच्या मशीनवर एसएस चालवलं तर ८००९ कडे जाणाऱ्या सात जोडण्या ‘एस्टॅब्लिश्ड’. टॉमकॅटकडे बघितलं, तिथेही एस्टॅब्लिश्ड. दोघंही म्हणतात जोडणी जिवंत आहे. पण वेब सर्व्हरच्या बाजूला पाठवायच्या रांगेतले बाइट खाली जात नव्हते. मधल्या फायरवॉलने तासभर काही हालचाल न दिसलेल्या जोडण्या आपल्या वहीतून खोडल्या होत्या, आणि तेही दोघांपैकी कोणालाही न कळवता. शनिवारी दुपारी शाखा बंद झाली ती सोमवारी उघडली. अशा मेलेल्या जोडणीवर लिनक्स पुन्हा पुन्हा पाठवत राहतं, आणि मूळ सेटिंगवर हार मानायला त्याला सुमारे १५ मिनिटं लागतात. पहिले काही जण त्या मेलेल्या जोडण्या वापरून संपवतात, मग नव्या उघडतात आणि दिवस सुरळीत जातो.

यावर उपाय दोन्ही बाजूंनी करायचा. एजेपी कनेक्टरला मुळात वेळेची मर्यादाच नसते, रिकामी जोडणी तो अनंतकाळ धरून बसतो. तिथे कनेक्शन टाइमआउट ६००००० टाका, तो मिलिसेकंदांत असतो. मॉड-जेकेच्या वर्करला कनेक्शन पूल टाइमआउट ६०० द्या, तो सेकंदांत. दोन्ही मिळून दहाच मिनिटं झाली. एकीकडे सेकंद, एकीकडे मिलिसेकंद, हे ज्याने ठरवलं त्याला एकदा भेटायचंय. शिवाय पिंग मोड ए ठेवा, म्हणजे विनंती द्यायच्या आधी वर्कर ‘आहेस का?’ विचारतो आणि मूळ सेटिंगवर १० सेकंद वाट बघून दुसरी जोडणी घेतो. टीसीपीच्या किपअलाइव्हवर एकट्यावर विसंबू नका. लिनक्समध्ये त्याची पहिली हाक दोन तासांनी जाते, तोवर तासाभराच्या फायरवॉलने कारभार उरकलेला असतो.

एजेपी नाही, साधं एचटीटीपीच आहे. दिवसातून दहा-बारा वेळा उगाचच ५०२ येतो.

वरच्याचाच धाकटा भाऊ. टॉमकॅटबरोबर येणाऱ्या सर्व्हर-एक्सएमएलमध्ये कनेक्शन टाइमआउट २०००० आहे, आणि किपअलाइव्हची वेळ वेगळी दिली नसेल तर तीही तेवढीच. म्हणजे २० सेकंद शांतता झाली की टॉमकॅट जोडणी बंद करतो. नेमक्या त्याच क्षणी वेब सर्व्हरने तीच जुनी जोडणी उचलली, की लॉगमध्ये एएच ०११०२ आणि ग्राहकाला ५०२. प्रॉक्सीपासच्या ओळीत टीटीएल, म्हणजे रिकामी जोडणी किती सेकंद ठेवायची तो आकडा, १५ द्या. वेब सर्व्हर आधी सोडेल, टॉमकॅट नंतर. हा क्रम कायम पाळायचा, पुढच्याने धीर कमी ठेवायचा, मागच्याने जास्त.

मोठा रिपोर्ट काढला की मिनिटभराने ५०४ येतो.

अपाची २.४ ची मूळ मर्यादा ६० सेकंद. ती फक्त त्या रिपोर्टच्या पत्त्यापुरती वाढवा, प्रॉक्सीपासच्या वेगळ्या ओळीत टाइमआउट ३०० देऊन. ही ओळ सर्वसाधारण ओळीच्या वर हवी, कारण पहिली जुळलेली ओळच लागू होते. आणि लेखा विभागाला सांगा की ५०४ आल्यावर रिफ्रेश दाबू नका. वेब सर्व्हरने नाद सोडला तरी टॉमकॅटमध्ये ती क्वेरी चालूच असते. मार्चअखेरीला एका कारखान्यात एकच ताळेबंद एकाच वेळी नऊ धाग्यांवर (थ्रेडवर) चाललेला मी पाहिलाय. टॉमकॅटकडे मूळचे २०० धागे असतात, पण डेटाबेसच्या जोडण्या त्याहून फार कमी, आणि त्या संपल्या की सगळीच साइट झोपते.

मराठी नावं बिघडतात. ‘गणेश’ लिहिलं की भलतंच काहीतरी उमटतं.

भलतंच म्हणजे नेमकं काय, ते सांगा. कारण यात तीन वेगळे रोग आहेत.

प्रत्येक चिन्हाच्या जागी तीन परकी चिन्हं, त्यातलं पहिलं डोक्यावर तिरपी रेघ असलेलं लॅटिन ए, असं दिसत असेल तर यूटीएफ-८ चे बाइट कोणीतरी जुन्या लॅटिन-१ म्हणून वाचलेत. पत्त्यातून आलेल्या मजकुरासाठी टॉमकॅट ७ लॅटिन-१ धरायचा, ८ पासून यूटीएफ-८ धरतो. त्यामुळे टॉमकॅट ७ वर कनेक्टरला यूआरआय एन्कोडिंग द्यावंच लागतं. खरं तर त्या आवृत्तीचा आधार मार्च २०२१ मध्येच संपलाय, तिथून हला. फॉर्म पोस्ट होऊन आलेल्या मजकुरासाठी मात्र वेगळा फिल्टर लागतो, सेट कॅरेक्टर एन्कोडिंग नावाचा, आणि तो वेब-एक्सएमएलमध्ये सगळ्यांत आधी हवा. त्याच्या आधीच्या एखाद्या फिल्टरने एक जरी पॅरामीटर वाचला, तरी वेळ निघून गेलेली असते. आमच्याकडे लॉगिन तपासणारा फिल्टर वर होता. शोधनाव मराठीत दिलं की बरोबर, पत्ता मराठीत सेव्ह केला की बिघडलेला, म्हणून सगळे डेटाबेसला दोष देत होते.

नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मात्र खरंच डेटाबेसकडे बघा. मजकूर तिथे कायमचा गेलेला असतो, परत येत नाही. चौकोन दिसत असतील तर सर्व्हर निर्दोष आहे, फॉन्ट नाही. पीडीएफ रिपोर्टमध्ये हे जास्त.

मराठीमुळे आणखी एक गोष्ट होते, जी इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडत नाही. ‘गणेश’मध्ये मात्रा धरून चार चिन्हं आहेत. प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे १२. पत्त्यात जाताना प्रत्येक बाइटची टक्क्याच्या खुणेसकट तीन अक्षरं होतात, म्हणजे ३६. अपाचीची विनंतीच्या पहिल्या ओळीची मर्यादा ८१९० बाइट, एजेपीचं पाकीट ८१९२ चं. साधारण ९०० चिन्हांचा मराठी मजकूर पत्त्यातून पाठवला की खेळ संपला, ४१४ येतो. बेलापूरच्या एका सोसायटीच्या तक्रारपेटीत हेच झालं. आजोबांनी पार्किंगबद्दल मनापासून लिहिलं होतं, आणि फॉर्म गेट पद्धतीने जात होता. पोस्ट केला, प्रश्न मिटला. मोठ्या कुकीमुळे पाकीट भरत असेल तर मॉड-जेकेचं मॅक्स पॅकेट साइज आणि टॉमकॅटचं पॅकेट साइज दोन्ही सारखं वाढवा, कमाल ६५५३६ पर्यंत. एकाच बाजूला वाढवलं तर आजार बदलतो, बरा होत नाही.

एचटीटीपीएसवर लॉगिन केलं की पत्ता आपोआप एचटीटीपी होतो, किंवा मागे ८०८० चिकटतो.

टॉमकॅटला माहीतच नाही की बाहेर कुलूप लावलंय. त्याला आतल्या बाजूने साधी विनंती येते, आणि तो त्यावरूनच पुढचा पत्ता बनवतो. वेब सर्व्हरवर प्रिझर्व्ह होस्ट चालू करा, एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे शीर्ष (हेडर) पाठवा आणि टॉमकॅटमध्ये रिमोट आयपी व्हॉल्व्ह बसवून त्या शीर्षाचं नाव त्याला सांगा. लॉगमध्ये सगळे ग्राहक १२७.०.०.१ वरून आल्यासारखे दिसणं याच व्हॉल्व्हने थांबतं, फक्त ॲक्सेस लॉगच्या व्हॉल्व्हला ‘रिक्वेस्ट ॲट्रिब्यूट्स एनेबल्ड’ ट्रू द्यायला विसरू नका. एजेपीत प्रोटोकॉल आणि ग्राहकाचा पत्ता मुळातच सोबत जातो, हे सगळं करावं लागत नाही.

८० पोर्टवर चालतं, ४४३ वर ४०४.

मॉड-जेके आहे ना? मुख्य फाइलमध्ये लिहिलेले जेके-माउंट (कुठले पत्ते टॉमकॅटकडे द्यायचे त्या ओळी) व्हर्च्युअल होस्टकडे आपोआप जात नाहीत. ४४३ च्या होस्टमध्ये जेके-माउंट-कॉपी ऑन लिहा.

दोन टॉमकॅट लावल्यापासून लोक सारखे लॉगआउट होतात.

सर्व्हर-एक्सएमएलमधल्या इंजिनला जेव्हीएम-रूट, म्हणजे त्या टॉमकॅटचं नाव, दिलाय का बघा. ब्राउझरमध्ये जेसेशनआयडी कुकीच्या शेवटी टिंब आणि नोडचं नाव दिसलं पाहिजे. ते नाव मॉड-जेकेत वर्करच्या नावाशी आणि मॉड-प्रॉक्सीत ‘रूट’शी अक्षरशः जुळायला हवं. कॅपिटल-स्मॉलसुद्धा.

फाइल चढवताना मधेच तुटतं.

पुढे अपाचीऐवजी एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची मूळ मर्यादा फक्त १ एमबी आहे, ४१३ येतो. अपाचीत २.४.५४ पासून मूळ मर्यादा १ जीबी, त्यामुळे तिथे सहसा अडत नाही. काहीच आकडा न दिसता जोडणी नुसती तुटत असेल, तर ॲप्लिकेशनने फाइल नाकारली आणि टॉमकॅटने उरलेले बाइट गिळायला नकार दिला. मॅक्स स्वॅलो साइज मूळचं २ एमबी असतं, ते वाढवलं की निदान नीट निरोप दिसतो.

टॉमकॅट १० वर गेलो, आता वेब सर्व्हरमधून सगळीकडे ४०४.

वेब सर्व्हरला हात लावू नका. टॉमकॅट १० पासून कोडमधल्या जावाएक्सच्या जागी जकार्ता ही नावं आली, आणि जुनं ॲप्लिकेशन तिथे चढतच नाही. ॲप्लिकेशनची वॉर फाइल वेबॲप्स-जावाईई फोल्डरमध्ये टाकून बघा, टॉमकॅट ती बदलून घेतो. नाहीतर ९ वरच राहा.

नवीन मांडणी करतोय. मॉड-जेके, एजेपी की साधं एचटीटीपी?

साधं एचटीटीपी. कर्लने तपासता येतं, लॉग वाचता येतो, सीक्रेटची भानगड नाही, आणि वेबसॉकेट (सतत उघडी राहणारी दुतर्फा जोडणी) लागलंच तर एजेपीतून ते जातच नाही. अपाची २.४.४७ पासून मॉड-प्रॉक्सी-एचटीटीपी वेबसॉकेटही सांभाळतं. पुढे एन्जिनएक्स असेल तर प्रश्नच मिटला, त्याला एजेपी मुळात येत नाही. मॉड-जेके जिथे वर्षानुवर्षं नीट चाललंय तिथे मात्र ते तसंच राहू द्या. आमच्याकडे तुर्भ्याला एक आहे, ते मीही हलवत नाही.

तुम्हाला फोन करण्याआधी काय हाताशी ठेवू?

पानाचा स्क्रीनशॉट, घड्याळातली नेमकी वेळ, वेब सर्व्हरचा एरर लॉग आणि त्याच मिनिटाचा कॅटालिना-आउट. दोन्ही मशीनची घड्याळं जुळतात का तेही बघा, एकदा सात मिनिटांच्या फरकाने आम्ही दुसऱ्याच भानगडीचा लॉग वाचत होतो. आणि साइट लटकलेली असतानाच, रिस्टार्टच्या आधी, दहा-दहा सेकंदांनी तीनदा जेस्टॅक, म्हणजे टॉमकॅटचे धागे काय करताहेत त्याची यादी, काढून ठेवा. तिन्हींत जे धागे त्याच ओळीवर अडकलेले दिसतील, तिथून आपण बोलायला सुरुवात करू.